वासुदेवरावांच्या नाकावरचा तंतू

समीरने कॉम्प्युटरच्या पडद्यावर फोटो मोठा केला आणि घरातली सगळी माणसं एकदम पुढे वाकली. गच्चीवर सहज काढलेला फोटो. सुलोचनाबाई हसतायत, सूनबाई शिवांगी हसतेय, आणि उजव्या टोकाला ताठ उभे असलेले वासुदेवराव दिघे... त्यांना नाकच नव्हतं. नाकाच्या जागी एक काळी अळी वेटोळं घालून बसली होती.

"अगं बाई, हे काय?" सुलोचनाबाईंनी पदराने पडदा पुसला. अळी जागची हलली नाही.

"आई, पडद्यावर नाहीये ते. कॅमेऱ्याच्या आत आहे," समीर म्हणाला. "पूर्वी जिथे रीळ असायचं ना, तिथे आता सेन्सर असतो. एवढीशी काच. चित्र तिच्यावर पडतं. तिच्यावर काहीतरी कचरा बसलाय. आता कुठलाही फोटो काढा, हे त्याच जागी येणार."

"कुठलाही म्हणजे परवाचा पण?" वासुदेवरावांनी विचारलं.

समीरने मान हलवली. म्हणजे परवाचा पण.

आता परवा काय होतं हे सांगायला हवं. परवा अनंत चतुर्दशी. त्या दिवशी इंदूरच्या मिलवाल्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले देखावे, मिरवणुकीने निघतात, आणि वासुदेवरावांची मिल बंद होऊन तेरा वर्षं झाली तरी तिचीही झांकी निघते. पगार बंद, भोंगा बंद, पण झांकी चालू. त्या दिवशी सकाळी दहाला मिलच्या गेटसमोर सगळ्या जुन्या कामगारांचा ग्रुप फोटो निघतो आणि त्यात ज्याची त्याची जागा ठरलेली असते. मागच्या रांगेत, बाकावर, उजव्या टोकाला कार्डिंग खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम. वासुदेवराव एकोणीसशे त्र्याहत्तरमध्ये जॉबर झाले, तेव्हापासून बत्तीस फोटोंत ते त्या टोकाला उभे आहेत. एकदा अंगात ताप होता म्हणून ब्लँकेट गुंडाळून उभे राहिले, पण उभे राहिले. यंदा तर मिलच्या जागेवर मॉल होणार अशी गावभर चर्चा होती, म्हणजे पुढच्या वर्षी ते गेट तरी राहील की नाही कुणास ठाऊक. आणि यंदाचा फोटो काढणार होता खुद्द त्यांचा मुलगा, नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर. वासुदेवरावांनी ही बातमी राजवाड्यापासून सराफ्यापर्यंत एकही ओळखीचा माणूस न सोडता सांगितली होती.

"बाबा, तुम्ही दोन पावलं डावीकडे सरका ना परवा. झालं काम," समीर म्हणाला.

"मी नाही सरकणार."

"मग मी कॅमेरा सरकवला तर गेटवरचं मिलचं नाव कापलं जाईल."

"नाव कापायचं नाही आणि मी सरकायचं नाही. बत्तीस वर्षं झाली, मिल सरकली का?"

"बाबा, मिल बंद झाली."

"बंद झाली रे. सरकली का?"

समीरने दुसरा रस्ता काढला. कॉम्प्युटरवर डाग पुसायची सोय असते, बाजूचं चित्र उचलून डागावर चिकटवायचं. त्याने दहा मिनिटं खटपट केली आणि मोठ्या अभिमानाने खुर्ची बाजूला सरकवली. अळी गेली होती. नाकही आलं होतं. फक्त ते नाक शेजारी उभ्या असलेल्या सुलोचनाबाईंचं होतं, चमकीसकट.

शिवांगी तोंडाला ओढणी लावून स्वयंपाकघरात पळाली. सुलोचनाबाई मात्र फोटोकडे बघून म्हणाल्या, "शोभतंय हो तुम्हाला."

"बंद कर ते यंत्र!" वासुदेवराव गरजले. "मला माझं नाक पाहिजे. आणि जुन्या कॅमेऱ्याचं नाव काढू नकोस, गावभर नवा सांगितलाय."

समीर जेलरोडवरच्या दुकानात जाऊन आला. दुकानदाराने कॅमेऱ्यात डोकावून दोन्ही हात वर केले. "भिया, ये आँख का ऑपरेशन है, घर पे नी होता. बंबई भेजना पड़ेगा. तीन हफ्ते पकड़ लो." इथे परवाची बात होती, आणि हा भिया तीन हफ्ते पकडायला सांगत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी समीरला जवळच्या बेटम्याला एका बारशाचे फोटो काढायला जायचं होतं. जुना रीळवाला कॅमेरा गळ्यात अडकवून तो निघाला आणि दारातून परत वळला. "बाबा, त्या नव्या कॅमेऱ्याला हात नका लावू हां. प्लीज. मी दुपारी आलो की बघतो."

"मी कशाला हात लावतोय?" वासुदेवराव म्हणाले, आणि स्कूटरचा आवाज गल्लीच्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्यांनी खरोखरच लावला नाही.

पण त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. कार्डिंग खातं म्हणजे काय? कापूस विंचरायचा आणि त्यातला कचरा वेगळा काढायचा. अठ्ठावीस वर्षं ह्या माणसाने दुसरं काही केलं नव्हतं. गाठीच्या गाठी त्याच्या हाताखालून साफ होऊन गेल्या होत्या. अशा माणसाला स्वतःच्या घरात, स्वतःच्या नाकावरचा एक कण काढता येत नाही म्हणून मुंबईला पार्सल करायचं? हे त्यांच्या जिवाला फारच लागलं होतं.

"शिवांगी, ते कॅमेऱ्याचं पुस्तक आण. इंग्रजी वाच फटाफट."

शिवांगी शाळेत विज्ञान शिकवायची आणि आज तिला सुट्टी होती. तिने पुस्तक चाळलं. "बाबा, यात लिहिलंय की सेन्सरला हात लावू नका."

"पुढे?"

"पुढेपण तेच लिहिलंय."

"त्याच्या पुढे?"

त्याच्या पुढे, कॅमेऱ्यातला पडदा, म्हणजे शटर, उघडून बॅगेतल्या रबरी फुग्याने हवा मारायची रीत दिली होती. एवढं वासुदेवरावांना पुरेसं होतं. त्यांनी घराचं मिलचं खातं करून टाकलं. पंखे बंद. खिडक्या बंद. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने फरशी पुसायची. फोडणी द्यायची नाही, तेल हवेत उडतं. घरात दहा दिवसांचे गणपती बसले होते, त्यांची सकाळची आरतीसुद्धा उदबत्ती आणि कापूर न लावता झाली.

"टाळ्या वाजवू नका. धूळ उडते," वासुदेवराव आरतीच्या मधेच कुजबुजले.

"अहो, देव काय म्हणेल?"

"देवाच्याच दिवसाचा फोटो आहे उद्या. समजून घेईल."

मग त्यांनी कॅमेऱ्याचं भिंग काढलं, आत बघितलं. फोटोत अळी वर उजवीकडे होती म्हणून त्यांनी काचेच्या वरच्या उजव्या कोपऱ्यावर फुग्याने वीस वेळा हवा मारली आणि कॅमेरा जपून, तान्ह्या बाळासारखा, त्याच्या बॅगेत ठेवला. घाम पुसून, चहा पिऊन, पुन्हा भिंग चढवून गणपतीचा फोटो काढला. शिवांगीने तो पडद्यावर लावला. अळी होती तिथेच होती आणि तिच्या सोबतीला आणखी दोन आल्या होत्या.

"झाडू कोणी मारला?" वासुदेवरावांनी विचारलं.

"कोणी नाही मारला हो!"

"मग शिवांगीच्या ओढणीचे धागे आहेत हे." शिवांगी ओढणी काढून ठेवून आली. पुन्हा वीस वेळा हवा मारली, कॅमेरा पुन्हा बॅगेत, पुन्हा चहा. आता पाच झाल्या. सुलोचनाबाईंच्या सुती साडीवर आळ आला, त्यांना सणासुदीला ठेवलेली सिल्कची साडी नेसावी लागली. सकाळी साडेदहाला सिल्क नेसून त्या उपाशी बसल्या होत्या, कारण फोडणी बंद होती आणि घरात शेव आणि परमल, म्हणजे मुरमुरे, यांशिवाय खायला काही नव्हतं.

"माझ्या जावेला कोणी सांगितलं ना, की मी नवऱ्याच्या नाकापायी उपाशी बसलेय, तर तिला खरं नाही वाटायचं," त्या म्हणाल्या.

पाच अळ्या असलेल्या फोटोकडे शिवांगी बराच वेळ बघत होती. मग ती हळूच म्हणाली, "बाबा, रागावू नका हां. भिंगातून चित्र उलटं पडतं. आठवीच्या पुस्तकात आहे. फोटोत वर दिसतंय म्हणजे काचेवर ते खाली आहे. आपण समोरून बघतो म्हणून बाजू मात्र उजवीच."

वासुदेवरावांनी बोटांवर हिशेब केला. म्हणजे चाळीस वेळा ते चुकीच्या कोपऱ्याला हवा मारत होते.

"हे आधी नी सांगायचं?"

"तुम्ही आधी विचारलंच नाही ना बाबा."

त्यांनी हातात फुगा घेतला, आणि त्याच क्षणाला लाईट गेली. अकराच्या ठोक्याला. आपल्याकडे तेव्हा बाकी काही वेळेवर येवो न येवो, बिजलीकटौती वेळेवर यायची. आता दोनपर्यंत कॉम्प्युटर नाही, पंखा तसाही नव्हता, आणि कॅमेऱ्याच्या बॅटरीचं चित्र अर्ध्यावर येऊन लुकलुकायला लागलं होतं. शिवांगीने पुस्तकात बघितलं. "बाबा, साफ करताना मधेच बॅटरी संपली तर आतला पडदा धाडकन खाली येतो. त्या वेळी आत काही असलं तर पडदा तुटतो."

"आणि तुटला तर?"

"तर उद्याचा फोटोच नाही."

वासुदेवराव खुर्चीत बसले. पहिल्यांदाच त्यांना भीती वाटली. एकट्या त्यांचं नाक गेलं असतं तर चालून गेलं असतं, पण इथे सगळ्या मिलचा फोटो जायची वेळ आली होती. चाळीस-बेचाळीस म्हातारे उद्या इस्त्रीचे कपडे घालून गेटवर येणार, आणि आपण त्यांना काय सांगणार?

नेमके तेव्हाच शंकरराव आले. शंकरराव म्हणजे मिलचे टाईमकीपर. कामगार गेटमधून एक मिनिट उशिरा आला तर हजेरीत त्याचा अर्धाच दिवस मांडणारे. मिल बंद झाली तरी खिशातलं घड्याळ ते रोज किल्ली देऊन चालू ठेवत. दर वर्षी फोटोच्या मागे सगळ्यांची नावं क्रमाने लिहून प्रत्येकापुढे 'हजर' लिहायचं काम त्यांचं होतं, त्याचीच यादी घेऊन ते आले होते.

"वासुदेवराव, ये क्या लगा रखा है? खिडक्या बंद, वहिनी सिल्कमध्ये. मुलाखत आहे का कोणाची?"

त्यांना सगळं सांगितलं. शंकररावांनी शांतपणे ऐकलं आणि यादी टेबलावर ठेवली. "खात्यात रुई उडायला लागली की तुम्ही काय करायचे?"

वासुदेवरावांनी मान वर केली. "पाण्याचे फवारे. हवा ओली केली की रुई उडत नाही, बसते."

"मग इथे कोरड्यात काय करताय, भिया?"

पाच मिनिटांत गॅसवर मोठं पातेलं चढलं. उकळतं पाणी न्हाणीघरात ओतलं, दार लावून वाफ कोंडली, आणि ती खाली बसल्यावर दोघं म्हातारे बनियन-पायजम्यावर आत शिरले. वर झरोक्यातून उजेड येत होता, शंकररावांच्या एका हातात टॉर्च होता आणि दुसऱ्यात घड्याळ. बादली उलटी करून तिच्यावर कॅमेरा ठेवला होता. शिवांगी दाराबाहेरून पुस्तक वाचत होती.

"पडदा उघडला," वासुदेवराव म्हणाले. "आता किती वेळ आहे?"

"बॅटरीचं नक्की सांगता येत नाही, बाबा. तीन-चार मिनिटं."

"तीन धरतो," शंकरराव म्हणाले. "चालू."

वासुदेवरावांनी डोळ्याला भिंग लावलं, मिलमध्ये सूत तपासायचे तेच. हवा मारली तशा चार अळ्या उडाल्या आणि ओल्या भिंतीला जाऊन बसल्या. पाचवी, खालच्या उजव्या कोपऱ्यातली, पहिली, हलेना. त्यांनी भिंग आणखी जवळ नेलं, आणि त्यांचा हात थांबला.

"शंकरराव, हा कापूस आहे."

"एक मिनिट झालं. असू दे कापूस, काढा तुम्ही."

"अहो, साधा कापूस नाही हा. लांब तंतू आहे, रेशमासारखा. हा आपल्या मिलचा माल आहे. मी अंधारात ओळखीन."

"दीड मिनिट. मिल तेरा वर्षं बंद आहे, वासुदेवराव. मिलचा कापूस कॅमेऱ्यात कुठून येणार?"

बाहेरून सुलोचनाबाईंचा आवाज आला, "तो बॅगेत भरलाय ना ह्यांनी, त्यातूनच येणार."

ते खरंच होतं. मिलचा शेवटचा दिवस होता तेव्हा यंत्रावर राहिलेला विंचरलेल्या कापसाचा पेळू वासुदेवरावांनी खिशात घालून घरी आणला होता. तेरा वर्षं तो ट्रंकेत जपला. लेकाने नवा कॅमेरा घेतला तेव्हा कोणाला न विचारता त्यांनी त्याच्या बॅगेच्या तळाशी त्याची गादी करून ठेवली. जगात याहून मऊ काही नसतं, असं तेव्हा ते स्वतःच सगळ्यांना सांगत फिरले होते. आज सकाळपासून कॅमेरा दर वेळी साफ होऊन त्याच गादीवर जाऊन बसत होता.

"सकाळपासून माझ्या साडीला बोल लावताय," सुलोचनाबाई बाहेरून म्हणाल्या. "शिवांगीची ओढणी काढायला लावली. झाडू, फोडणी, कापूर. आणि अळ्या तुमच्याच!"

दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. वासुदेवरावांची छाती बनियनमध्ये दोन इंच फुगली.

"तरीच म्हटलं निघत का नाही," ते म्हणाले. "मिलचा माल आहे. असा सहजासहजी जागा नी सोडायचा."

"दोन मिनिटं," शंकरराव ओरडले. "काढताय का हार घालताय त्याला?"

वासुदेवरावांनी शिवांगीकडून शिवणाचा एक नवा दोरा मागवला, बोटांत पिळून त्याचं टोक सुईसारखं बारीक केलं आणि त्याला वाफेचा ओलावा लावला. अठ्ठावीस वर्षांचा हात होता तो. काचेला न लागता दोऱ्याचं टोक त्या तंतूजवळ गेलं, हलकेच एक वळसा घेतला, आणि तंतू दोऱ्याला बिलगून वर आला.

"आला!"

"हात बाहेर घ्या!"

हात बाहेर आला आणि आतला पडदा धाडकन पडला. बॅटरी संपली होती. शंकररावांनी घड्याळाकडे बघितलं. "दोन मिनिटं पन्नास सेकंद. वेळेत."

दोघं म्हातारे वाफेत एकमेकांकडे बघून असे हसले की बाहेर सुलोचनाबाईंनी दार वाजवलं. मिलमध्ये वीस वर्षं ही दोन माणसं हजेरीवरून रोज भांडली होती. आज पहिल्यांदा एका पाळीत बरोबर काम केलं होतं.

तीनला समीर आला. घरात लाईट आली होती, फोडणीचा वास सुटला होता, आणि वडील आणि शंकररावकाका ओल्या बनियनांवर बसून पोहे खात होते. त्याने संशयाने कॅमेरा उचलला, बॅटरी बदलली, खिडकीतून आभाळाचा फोटो काढला आणि पडद्यावर लावला. आभाळ लख्ख होतं.

"कोणी हात लावला?"

"कोणी नाही," शंकरराव म्हणाले. "आम्ही आरती करत होतो."

"बनियनवर?"

"गर्मी किती आहे."

समीरने बॅग उघडली, आतली कापसाची गादी बघितली, वडिलांकडे बघितलं, आणि गादी अलगद काढून आईच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी दहाला फोटो झाला. मागे गेट, गेटवर मिलचं नाव पुसट पण पूर्ण, चार रांगांत बेचाळीस माणसं, आणि मागच्या रांगेत उजव्या टोकाला बाकावर वासुदेवराव, स्वतःच्या नाकासकट. इतका स्वच्छ फोटो मिलचा कधी निघाला नव्हता. कोणाच्या सदऱ्याचं कितवं बटण तुटलंय हेसुद्धा मोजता येत होतं. ज्याला त्याला वासुदेवराव सांगत होते, "मुलाने काढलाय. कॅमेरा आम्ही तयार करून दिला."

पंधरा दिवसांनी फोटो फ्रेम होऊन घरी आला. भिंतीवर लावायला शंकरराव मुद्दाम आले होते, नावांची यादी मागे चिकटवायची होती. ती चिकटवून झाल्यावर वासुदेवरावांनी फ्रेम स्वतः ठोकली. सगळे मागे सरकून बघायला लागले, आणि समीर दचकला.

"बाबा! तुमच्या नाकावर..."

नाकावर अळी होती. त्याच जागी, तसंच वेटोळं घालून.

"अरे, ती मीच काचेखाली ठेवलीय," वासुदेवराव म्हणाले. "कागदात जपून ठेवली होती. वरच्या कोपऱ्यात ठेवली होती मी, आभाळात. ठोकताना घसरली वाटतं."

"थांबा, मी उघडून सरकवतो."

"सरकवायची नाही."

"अहो, मग त्या दिवशी एवढा उपद्व्याप कशाला केला?" सुलोचनाबाईंनी कपाळाला हात लावला. "मला सिल्क नेसवून उपाशी ठेवलंत!"

वासुदेवराव फोटोकडे बघत होते. बेचाळीस चेहरे, मागे गेट, आणि टोकाला आपण. "तेव्हा तो कचरा होता," ते म्हणाले. "कॅमेऱ्यात त्याचं काय काम? पण फोटो मिलचा आहे. माणसं सगळी आली, आणि माल नको का?"

शंकररावांनी फ्रेम खाली उतरवली, उलटी केली, खिशातून पेन काढलं. वासुदेव दिघे, कार्डिंग, हजर, अशी शेवटची ओळ होती. तिच्याखाली त्यांनी सुवाच्य अक्षरात आणखी एक ओळ लिहिली, घड्याळ बघून वेळ घातली आणि फ्रेम परत खिळ्याला लावली.

सुलोचनाबाईंनी चष्मा लावून फ्रेम हळूच कलती करून मागचं वाचलं. 'कापूस, एक तंतू. हजर.'

"वेळेवर आला का?" त्यांनी विचारलं.

"तेरा वर्षं लेट," शंकरराव म्हणाले. "पण अर्धा दिवस नाही मांडला."